नव्वदला येणारी थरथर

श्रीपाद कर्णिक पहिल्यांदा माझ्या गॅरेजवर आले तेव्हा गाडीचं राहिलं बाजूला, त्यांनी आधी माझ्या शटरची चूक काढली. शटरच्या कडेच्या पट्टीवर रंगाचा एक ओघळ सुकून बसलेला होता. बारा वर्षं मी ते शटर रोज वर-खाली करतोय, मला तो कधी दिसला नव्हता. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, की हे खरवडून पुन्हा मारायला हवं होतं. मला राग आला. विठ्ठलवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझी जागा, कामाला मी एकटाच, चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हे माझं काम. शटर बघायला माझ्याकडे कोणी येत नाही.

पण त्यांचाही इलाज नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत नळांवर क्रोम चढवणाऱ्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. समोर नळ यायचा, त्यावरून अंगठा फिरायचा, तांदळाच्या कणीएवढा जरी उंचवटा लागला तरी नळ बाजूला. निवृत्त झाल्यावर माणूस घरी आला, अंगठा काही निवृत्त झाला नाही. नव्या स्टीलच्या डब्यावर कंपनीचं लेबल असतं ना, ते तुम्ही-आम्ही ओरबाडून काढतो आणि खाली राहिलेला चिकटा तसाच सोडून देतो. काका तो चिकटा खोबरेल तेल लावून, उलथण्याच्या धारेने, डबा आरशासारखा होईपर्यंत काढत बसायचे. हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं, हसत हसत. तेव्हा ती हसत होती.

मुलगी म्हणजे आसावरी. एकुलती एक, वय पस्तिशीच्या आसपास, नाशिकच्या पलीकडे एका कॉलेजात शिकवते. सोमवारी पहाटे डोंबिवलीहून निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं, असा तिचा क्रम. त्यासाठी उन्हाळ्यात तिने जुनी गाडी घेतली होती. आई नव्हती. हेमाकाकूंना पार्किन्सन होता. अकरा वर्षं काकांनी त्यांच्या ब्लाऊजची बटणं लावली, अर्धाच भरलेला कप त्यांच्या ओठांशी धरला, आणि दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. काकूंनी ठरवून दिलेल्या काही गोष्टी काका अजून पाळत होते. घरातल्या वाहनाला अमावास्येला धुऊनपुसून नवी लिंबू-मिरची बांधायची, ही त्यातलीच एक. गाडी आठवडाभर नाशिकला असायची, म्हणून त्यांनी अमावास्येच्या जवळचा शनिवार धरला होता.

जुलैच्या सुरुवातीला दोघं पहिल्यांदा आले ते एका तक्रारीसाठी. गावात गाडी छान चाले. पडघ्याच्या पुढे हायवे मोकळा झाला, काटा ऐंशीच्या वर गेला, की स्टिअरिंग थरथरायला लागे. नव्वदला तर चांगलंच. वेग कमी केला की पुन्हा काही नाही. यात डोकं लावायचंही काम नव्हतं. चाक एका बाजूला कणभर जड असलं की कमी वेगात कळत नाही, जास्त वेगात ते हादरे देतं. उपाय सोपा. मशीनवर चाक फिरवायचं, हलकी बाजू शोधायची आणि रिमच्या आतून तिथे पाच-दहा ग्रॅमचे राखाडी तुकडे चिकटवायचे. आम्ही त्यांना वेट म्हणतो. मी ते केलं. काका तेवढा वेळ बाहेर स्टुलावर पाठ करून बसले होते, कारण मशीनची घरघर त्यांना कारखान्यातल्या भोंग्यासारखी डोक्यात जाते. मंगळवारी आसावरीचा मेसेज आला, की गाडी पाण्यासारखी चालते.

ऑगस्टमध्ये ती एकटीच आली. थरथर परत सुरू झाली होती.

आता खरं सांगायचं तर मला तिचाच राग आला. माझं बॅलन्सिंग महिन्याभरात बिघडत नाही. माझ्याकडे ठाण्यापासून लोक येतात ते उगाच नाही. त्यामुळे चाकांकडे मी बघितलंच नाही. बाकी सगळं बघितलं. बुश बघितले, एक्सल बघितला, इंजिनाचे माउंट बघितले, खाली झोपून तासभर टॉर्च मारला. मग गाडी घेऊन कल्याण-शीळ रस्त्यावर चक्कर मारून आलो. त्या रस्त्यावर दुपारी चारला पन्नासच्या वर जाऊन दाखवणाऱ्याला मी माझं गॅरेज देईन. पन्नासपर्यंत गाडी गुळगुळीत होती. परत येऊन, हात पुसत, मी छाती काढून सांगितलं, "गाडी एकदम ओके आहे, ताई. गाडीत काही नाही."

तिने विचारलं, "काहीच नाही?" मी म्हटलं, काहीच नाही. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना. मला वाटलं ही माझ्या कामावर शंका घेतेय, म्हणून मी आणखी जोरात सांगितलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनेही आदल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं म्हणाली. त्यांनीही गाडी गावातच फिरवली असणार. ती स्टुलावर बसली आणि आपले दोन्ही हात पालथे करून मांडीवर ठेवून बघत राहिली.

"विश्रामभाऊ, आईचंही उजव्या हातापासूनच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "मला आता कळत नाहीये, की स्टिअरिंग माझे हात हलवतंय की माझे हात स्टिअरिंग."

मी तिला समजावायला गेलो, की मग नव्वदलाच का. तिच्याकडे त्याचंही उत्तर होतं. नव्वदला ती घाबरून स्टिअरिंग सगळ्यात घट्ट धरते, आणि आईचा कंपही ताण आला की वाढायचा. सुरुवातीला तोही येऊन-जाऊन असायचा, पंधरा दिवस काही नाही आणि मग एकदम. तिने नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, पुढच्या महिन्याची तेवीस तारीख. बाबांना यातलं काही कळता कामा नये, एवढं तिने माझ्याकडून वदवून घेतलं.

ती गेल्यावर मी चहा केला आणि तो तसाच निवला. मी काय करून बसलो होतो ते मला हळूहळू कळत होतं. पन्नासच्या वेगावर गाडी चालवून मी नव्वदच्या दुखण्याचा निकाल दिला होता. आणि निकाल गाडीचा नव्हता. मी त्या मुलीला सांगून टाकलं होतं की तिला तिच्या आईचा रोग आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उजाडताना मी डोंबिवलीला जाऊन तिच्याकडून गाडी घेतली, गांधारी पुलावरून पडघा गाठला आणि नाशिकच्या दिशेने हायवेला लागलो. सत्तर, काही नाही. ऐंशी, हातात हलक्याशा मुंग्या. नव्वदला माझ्या मनगटापर्यंत थरथर आली. आयुष्यात बिघडलेल्या गाडीचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. शहापूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन मी तिला फोन केला, की गाडी हलतेय, माझ्या हातात हलतेय.

पलीकडून ती म्हणाली, "तुम्हाला मी सांगायलाच नको होतं. आता तुम्ही काहीही म्हणालात तरी मला वाटणार, तुम्ही माझी समजूत काढताय. काल तुम्हीच ओके म्हणालात. मला कारण दाखवा."

तिचं चुकत नव्हतं. दुधाने पोळलेली होती ती, ताक फुंकूनच पिणार. मी परत येऊन चारही चाकं खोलली आणि डोळे फिरायची वेळ आली. माझी वेट गायब होती. एक नाही, दोन नाही, चारही चाकांवरची सगळी. आणि ती पडली असती तर खाली गमाचा डाग तरी राहिला असता. इथे रिम आतून लखलखत होती. मी नवीन वेट लावली, फोटो काढले, तिला दाखवले. तिने बघितले आणि शांतपणे विचारलं, की जुलैत तुम्हीच म्हणाला होतात ना, माझी वेट वर्षानुवर्षं हलत नाहीत.

पुढचे दोन आठवडे गाडी नीट चालली. मी दर सोमवारी सकाळी नऊला फोन हातात घेऊन तिच्या मेसेजची वाट बघायचो. घरातल्यांना वाटायला लागलं की माझं काहीतरी बिनसलंय. आणि गणपतीच्या दोन दिवस आधीच्या सोमवारी मेसेज आला, एकाच शब्दाचा. परत.

त्यानंतर तिने गाडी आणायचंच बंद केलं. गाडी दोनदा दुरुस्त झाली, तरी थरथर येते, याचा अर्थ तिच्या दृष्टीने लागून चुकला होता. विसर्जनानंतर मी जवळजवळ भांडून गाडी मागवली. चाकं खोलली, तर पुन्हा तेच. एकही वेट नाही, रिम स्वच्छ. आता मात्र मी घाबरलो. हे आपोआप होत नव्हतं, कोणीतरी करत होतं. आज वेट काढणारा उद्या चाकाचे नट सैल करेल. एकटी मुलगी, पहाटेचा कसारा घाट. कोणाशी वैर आहे का, कॉलेजात कोणी, सोसायटीत पार्किंगवरून कोणी, असं मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, की वैर कोणाशी नाही. नाशिकला गाडी बंद आवारात असते, इथे बिल्डिंगखाली. बाबा धुतात, तेवढाच काय तो कोणाचा हात लागतो.

हे तिने सांगितलं आणि मी ऐकलं. ऐकून वॉचमनचं नाव विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं. मी नवीन वेट लावली, प्रत्येकावर ओळखीसाठी लाल रंगाचा ठिपका मारला आणि ठरवलं, की पुढच्या शनिवारी आपण स्वतः जाऊन बघायचं, ठिपके जागेवर आहेत की नाहीत. तेवीस तारीख मंगळवारी होती.

शनिवारी सकाळी साडेआठला मी डोंबिवलीला त्यांच्या बिल्डिंगखाली पोचलो. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. पार्किंगमध्ये गाडीशेजारी बादली होती, चिंध्या होत्या, खोबरेल तेलाची बाटली होती, आणि उजव्या चाकासमोर लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाटावर कर्णिककाका बसले होते. त्यांचा हात रिमच्या दांड्यांमधून कोपरापर्यंत आत गेला होता. हात बाहेर आला तेव्हा त्यात उलथणं होतं. शेजारी वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर राखाडी तुकडे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर लाल ठिपका.

मला बघून त्यांना बरंच वाटलं. तक्रार करायला मी आयता सापडलो होतो. "बरं झालं आलात, विश्राम," ते म्हणाले. "तुमच्याकडून गाडी आली की दर वेळी आतून हे असलं काहीतरी चिकटलेलं असतं. या वेळी तर रंगही सांडलाय. काम झालं की चाक साफ करून द्यायला नको का?"

मला हसायला आलं, ओरडावंसंही वाटलं, आणि मी तिथेच बाजूच्या स्कूटरला टेकलो. मग मी त्यांना सांगितलं. तो तुकडा काय असतो, कुठे लावतात, का लावतात, निघाला की काय होतं. काकांनी मधे एकदाही टोकलं नाही. फक्त शेवटी दोन प्रश्न विचारले, किती वेगाला जाणवतं आणि किती जोरात. मी सौम्य करून सांगायला लागलो, तर म्हणाले, नीट सांगा. मी नीट सांगितलं. त्यांनी उलथणं वर्तमानपत्रावर ठेवलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"म्हणजे ती पहाटे एकटी त्या घाटात," ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच थांबलं.

मी म्हटलं, काका, मी आत्ता गाडी घेऊन जातो, तासाभरात नवीन वेट लावतो, कोणाला काही कळायचं कारण नाही. हे मी तोंडदेखलं बोललो. आतून मला जिने चढून आसावरीला ओरडून सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तरी तिने विश्वास ठेवला नसता. तिला माझ्याकडून दया नको होती, आणि दिलेला शब्द असा होता की काकांनाही मी तिच्या भीतीबद्दल काही बोलू शकत नव्हतो. काकांनी मान हलवली. माझ्या हातून खराब माल गेला तर तो मी कधी दुसऱ्याच्या नावावर खपवला नाही, म्हणाले, आणि फोन काढून त्यांनी मुलीला खाली बोलावलं.

ती आली. हातात लिंबू-मिरची ओवायचा दोरा तसाच होता. काका उभे राहिले, लेंगा खाली सोडायचंही त्यांना सुचलं नाही. चौतीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी नळ नापास केले असतील, त्याच आवाजात ते बोलले.

"आसावरी, ही चाकावरची वजनं आहेत. यांच्यामुळे गाडी स्थिर राहते. मी घाण समजून ती काढत होतो. गाडी माझ्यामुळे हलत होती."

ती वर्तमानपत्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने विचारलं, जुलैतही? हो. ऑगस्टच्या आधी? हो. गणपतीच्या आधी, त्या शनिवारी? हो, त्या शनिवारीही, सगळी काढली होती. काकांना वाटत होतं ती त्यांचे गुन्हे मोजतेय. प्रत्येक होकाराबरोबर ते थोडे खाली वाकत होते. मला मात्र तिचा चेहरा दिसत होता.

"नक्की तुम्हीच ना, बाबा? माझी समजूत नाही ना काढत?"

"मी कशाला समजूत काढू?" काका म्हणाले. "चूक माझी आहे."

ती त्या ओल्या पाटावर बसली आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, आवाज करून. वॉचमन डोकावला, त्याला मी हातानेच जा म्हटलं. काका माझ्याकडे बघून पुटपुटले, की आता ही माझ्यावर कधी भरवसा ठेवायची नाही. तेव्हा तिने सांगितलं. हातांचं, आईचं, तेवीस तारखेचं, सगळं. रडत असल्यामुळे वाक्यं तुटत होती, पण काकांना एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. त्या रोगाबद्दल त्या घरात कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मी पहिल्यांदाच त्यांना चिडलेलं बघितलं. "दोन महिने हे तू एकटी घेऊन फिरत होतीस? मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही आत्ता कुठे पोटभर जेवायला लागलात, बाबा," ती म्हणाली.

काका चाकाला धरून सावकाश तिच्याजवळ खाली बसले, त्या सगळ्या पाण्यात. मी उगाच वेट गोळा करायला लागलो, एकदा निघाली की त्यांचा काही उपयोग नसतो. बऱ्याच वेळाने आसावरीने डोळे पुसले आणि म्हणाली, की मंगळवारची वेळ रद्द करते. मीही लगेच हो म्हटलं, कारण सापडलं, आता डॉक्टर कशाला. मला तर पेढे वाटावेसे वाटत होते.

काकांनी नकार दिला. गाडीचा दोष सापडला म्हणून हात पास होत नाहीत, म्हणाले. दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन्ही तपासायच्या. आसावरीचा चेहरा पुन्हा उतरला, आणि मला त्यांचा तसाच राग आला जसा शटरच्या वेळी आला होता. एवढी एक सकाळ तरी त्यांनी तिला द्यायला हवी होती.

मग ते म्हणाले, "मी येतो ना बरोबर. सोमवारी पहाटेच निघू."

तिने विचारलं, गाडीने की ट्रेनने.

"गाडीनेच," काका म्हणाले. "तू चालव. मी शेजारी बसतो."